समाधी नसलेला गूढकथाकार

१/ एडगर ॲलन पो १८४९ मध्ये बाल्टिमोरला मरण पावला. त्याच्या थडग्यावर दर १९ जानेवारीला, म्हणजे त्याच्या जन्मदिनी, एक अनोळखी मनुष्य तीन गुलाब आणि कोन्यॅकची बाटली ठेवून जात असे. कित्येक दशके चाललेली ही प्रथा २००९ नंतर थांबली. हे वाचले आणि मनात आले, आपल्या लाडक्या गूढकथाकाराला भेटायला आपण कुठे जावे?

२/ माझे गूढकथाकार म्हणजे रत्नाकर मतकरी. जन्म १७ नोव्हेंबर १९३८, मुंबई. वीस वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरी, १९७८ पासून पूर्णवेळ लेखन. नाटककार, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि चित्रकारही. ‘अलबत्या गलबत्या’तल्या चेटकिणीने लहानपणी हसवले, ‘खेकडा’ने पुढे झोप उडवली.

३/ भयकथा घाबरवून मोकळी होते, गूढकथा मनात मुक्कामाला राहते. मतकरींची भीती आपल्यासारख्याच माणसांच्या घरांतून, त्यांच्या मत्सरातून आणि अपराधभावातून वर येते. ‘खेकडा’ माझ्या हाती दिला आजोबांनी. अट एकच : दिवसाउजेडी वाचायचे.

४/ १७ मे २०२० रोजी मतकरी कोरोनाने गेले. तेव्हा अंत्यविधीला वीसहून अधिक माणसे जमण्यास मनाई होती. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, आजोबाही गेले. अस्थी घेऊन बाबा एकटेच रामकुंडावर गेले. मी घरातच होतो. दोघांचाही निरोप घ्यायचा राहिला.

५/ आमचे नाशिक हे तर अस्थिविसर्जनाचे गाव. रामकुंडातील अस्थिविलय तीर्थात अस्थी पाण्यात विरून जातात, अशी श्रद्धा आहे. गांधीजींच्या अस्थींचा अंशही इथल्या गोदावरीत विसर्जित झाला. पाण्यावर शिलालेख कोरता येत नाही. मग इतिहासाच्या विद्यार्थ्याने साधन म्हणून शोधायचे तरी काय?

६/ उत्तर त्याच काठावर आहे : तीर्थोपाध्यायांच्या वह्या. कोण आले, कोणत्या गावचे, कुणाच्या कार्यासाठी आले, याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी. गेल्या मे महिन्यात मी आमच्या गुरुजींकडे गेलो. त्यांनी मूळ गाव आणि आडनाव विचारले, वही काढली. १९८६ ची नोंद, आजोबांच्या हातची : पणजोबांच्या अस्थी घेऊन ते आले होते. पुढच्या एका पानावर २०२० ची नोंद, बाबांच्या अक्षरात. मी बराच वेळ त्या दोन सह्यांकडे पाहत राहिलो.

७/ तिथून चालत सार्वजनिक वाचनालयात गेलो. आपले ‘सावाना’, स्थापना १८४०. ‘खेकडा’ मागितले. पुस्तक जीर्ण झालेले, आत चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के दाटीवाटीने उमटलेले. प्रत्येक शिक्का म्हणजे मतकरींना भेटून गेलेला एक वाचक. हीही वहीच की!

८/ पोच्या थडग्यावर येणाऱ्याचे नाव कुणाला नीट कळले नाही. माझी भेट मात्र नोंदवली गेली : त्या कागदावर सर्वांत खाली एक नवा शिक्का. पुस्तक घरी आणले आणि आजोबांची अट मोडून रात्रीच वाचले.

९/ मित्रांनो, आपल्या तीर्थोपाध्यायांकडे एकदा अवश्य जा. मूळ गाव आणि आडनाव ठाऊक असू द्या. वडीलधाऱ्यांना सोबत न्या. कुणाचे अक्षर कोणते, हे तेच ओळखतील.