हा कोणता देव?

फिनिक्सहून इंदूरला परतलो त्या रात्री बॅगा उघडल्या. त्यातली लाकडी बाहुली हातात घेऊन आईने विचारलं, "हा कोणता देव रे?" डोक्यावर पिसं, अंगावर सशाची कातडी, हातात खुळखुळा. आईचा दुसरा हात एव्हाना कुंकवाच्या करंड्याकडे गेला होता.

कंपनीने ॲरिझोनाला पाठवलं तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. व्हिसाच्या घोळात ती आणि बायको इकडेच राहिल्या. व्हिडिओ कॉलवर रोज एकच प्रश्न, "बाबा, काय आणणार?" ग्रँड कॅन्यनला जाताना हमरस्त्यावरच्या एका दुकानात ही 'काचिना' बाहुली तीस डॉलरला मिळाली. घेतली आणि सुटलो, असं वाटलं.

पुढे फिनिक्सच्या हर्ड म्युझियममध्ये गेलो. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी १९६४ मध्ये तिथे ४३७ काचिना बाहुल्या दिल्या. मांडलेल्यांपैकी एकही माझ्या बाहुलीसारखी नव्हती. हे डोक्यात राहिलं, म्हणून एका शनिवारी चार तास गाडी हाकत होपी लोकांच्या सेकंड मेसावर पोचलो. मेसा म्हणजे सपाट माथ्याचे उंच खडकाळ पठार. गावात फोटो काढायला बंदी, चित्र काढायलाही. फोन खिशात गेला. (माझ्यासारख्याला ही शिक्षाच!)

एका घराबाहेर 'बाहुल्या मिळतील' अशी पाटी होती. आतले आजोबा कानशीने मूळ घासत बसले होते. हो, मूळच. ही बाहुली कॉटनवुड झाडाच्या मुळापासून करतात. हलकं, मऊ लाकूड. आजोबा म्हणाले, हे मूळ पाणी शोधत जातं, आम्हीही तेच करतो. बाहेर पाहिलं तर नुसती वाळू, आणि तिच्यात पाटाच्या पाण्याशिवाय उभा असलेला मका.

त्यांचे 'कात्सिना' म्हणजे पाऊस, ढग, प्राणी, पूर्वज यांची आत्मरूपं. हिवाळ्यापासून जुलैपर्यंत ते गावात असतात, मग फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर आपल्या घरी परततात. मला गौरींची पाठवणी आठवली, मात्र इथला मुक्काम सहा महिन्यांचा. बाहुलीला ते 'तिहू' म्हणतात. ती देव नाही, तिची पूजा होत नाही. ती कात्सिनाची ओळख करून देते. फेब्रुवारीच्या आणि जुलैच्या सोहळ्यात कात्सिना स्वतः ती लहान मुलींना देतात, आशीर्वाद म्हणून. मग ती घरात भिंतीला टांगतात. याहून अधिक ते सांगत नाहीत, मीही विचारलं नाही. याच लोकांचे पवित्र मुखवटे २०१३ मध्ये पॅरिसला लिलावात विकले गेले. होपींनी कोर्टात जाऊनही लिलाव थांबला नाही.

मी फोनमधला माझ्या बाहुलीचा फोटो दाखवला. आजोबा हसले. म्हणाले, "असा कात्सिना नाही." मग विचारलं, "कोणासाठी घेतलीस?" मुलीसाठी, म्हटलं. "किती दिवसांत पाहिलं नाहीस तिला?" चौदा महिने, हे सांगताना माझा आवाज नीट निघाला नाही. त्यांनी कानशी खाली ठेवली, पाणी दिलं. निघताना मी त्यांच्याकडून एक छोटी तिहू विकत घेतली. चपटी, पिसं नसलेली. तान्ह्या मुलींना पहिली बाहुली अशीच मिळते म्हणे. सोमवारी मॅनेजरला मेल टाकला की मला परत जायचंय. प्रमोशन गेलं.

एवढं सगळं आईला सांगितलं. करंडा फळीवर गेला. "पूजा करायची नाही, तर मग टांग," ती म्हणाली. चपटी तिहू आता हॉलच्या भिंतीवर आहे. आई रोज कोरड्या फडक्याने तिच्यावरची धूळ पुसते.

मुलीला मात्र तीस डॉलरवालीच हवी. पिसं केव्हाच उपटून झाली, एक हात फेविक्विकने चिकटवलाय. तिचं नाव चिंगी. रात्री ती माझ्या आणि मुलीच्या मधे झोपते, आणि तिचा खुळखुळा माझ्या पाठीला टोचतो.