वोकिंगची मशीद आणि तिचा नाहीसा झालेला शेजार

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या गाडीत बसले की साधारण अर्ध्या तासात वोकिंग येते. सरे परगण्यातले हे उपनगरी गाव आहे. मुंबईला जसे कल्याण-बदलापूर, तसे लंडनला वोकिंग. सकाळी माणसे गाड्या भरून लंडनला कामाला जातात आणि संध्याकाळी परत येतात. मात्र मुसलमानांसाठी या गावाला वेगळे महत्त्व आहे. ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच पायापासून बांधलेली पहिली मशीद इथे आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नातेवाइकांकडे गेलो असताना आम्ही ती पाहायला गेलो आणि जुम्म्याची नमाजही तिथेच अदा केली. मशीद पाहून आनंद झालाच. पण परत आल्यावर आम्ही जास्त विचार केला तो तिच्या आसपासच्या, आज नसलेल्या किंवा पार बदलून गेलेल्या वास्तूंचा.

आधी गाव कसे वसले ते सांगायला हवे. मूळ वोकिंग हे नदीकाठचे लहानसे खेडे. ते आजही दोन-तीन किलोमीटरवर आहे आणि त्याला ‘जुने वोकिंग’ म्हणतात. १८३८ मध्ये रेल्वे आली ती खेड्यापासून दूर, ओसाड माळावरून. पुढे लंडनची कब्रस्ताने अपुरी पडू लागली, तेव्हा एका कंपनीने इथली दोन हजार एकरांहून अधिक जमीन घेतली आणि १८५४ मध्ये जवळच ब्रुकवूड इथे प्रचंड मोठे कब्रस्तान सुरू केले. लंडनहून मयती आणण्यासाठी खास रेल्वेगाडी असे. एवढी सगळी जमीन काही कब्रस्तानाला लागली नाही. उरलेली कंपनीने विकायला काढली आणि स्थानकाभोवती नवे गाव उभे राहिले.

त्या जमिनीवर आलेली एक मोठी संस्था म्हणजे ‘रॉयल ड्रॅमॅटिक कॉलेज’. नावात कॉलेज असले तरी ती शाळा नव्हती. वृद्ध, निराधार नटनट्यांना अखेरचे दिवस काढण्यासाठी बांधलेला तो आश्रम होता. १८६५ मध्ये तो मोठ्या थाटात उघडला. पण पैशांची सोय टिकली नाही आणि बारा-पंधरा वर्षांतच तो बंद पडला. लाल विटांची ती भव्य इमारत रिकामी राहिली.

ती घेतली डॉ. गॉटलीब विल्हेल्म लिटनर यांनी. या माणसाची ओळख करून द्यायलाच हवी. १८४० मध्ये हंगेरीतल्या पेस्ट शहरात ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. भाषांची देणगी अशी, की पंधराव्या वर्षी ते क्रिमियाच्या युद्धात इंग्रजी फौजेचे दुभाषे झाले. १८६४ मध्ये ते लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पंजाब विद्यापीठाच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. देशी भाषांतून शिक्षण द्यावे असा त्यांचा आग्रह होता. ‘सिनीन-ए-इस्लाम’ हा इस्लामच्या इतिहासावरचा ग्रंथ त्यांनी उर्दूत काढला, तो लाहोरच्या विद्यार्थ्यांसाठी. ते मुसलमान नव्हते, पण मुसलमान समाज आणि त्याच्या विद्या त्यांना जवळून माहीत होत्या.

हिंदुस्थानातून परतल्यावर लिटनर यांनी वोकिंगच्या त्या रिकाम्या इमारतीत १८८४ च्या सुमारास ‘ओरिएंटल इन्स्टिट्यूट’ सुरू केली. अरबी, संस्कृत, उर्दू अशा भाषांचा अभ्यास, संग्रहालय, छापखाना असा तिचा पसारा होता. हिंदुस्थानातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या धर्माप्रमाणे राहता यावे, ही कल्पनाही त्यामागे होती. मुसलमान विद्यार्थ्यांना नमाजासाठी जागा हवी, म्हणून आवारातच मशीद बांधायचे ठरले.

पैसा आला तो भोपाळहून. नवाब शाहजहान बेगम यांनी मोठी रक्कम दिली आणि १८८९ मध्ये मशीद उभी राहिली. म्हणूनच तिचे नाव ‘शाहजहान मशीद’. ताजमहालवाल्या बादशहाशी तिचा संबंध नाही. वास्तुकार विल्यम आयझॅक चेंबर्स हे इंग्रज होते. तिथल्याच फिकट दगडाच्या भिंती, वर कांद्याच्या आकाराचा घुमट, टोकाला चंद्रकोर, दारावर नक्षीदार कमान. आत शिरल्यावर आम्हाला प्रथम जाणवले ते तिचे लहानपण. जेमतेम पन्नास-साठ माणसे सफ लावून उभी राहू शकतील एवढीच जागा. आपल्याकडे मोहल्ल्यातली मशीदही याहून मोठी असते. याच बेगमसाहिबांनी भोपाळमध्ये ‘ताज-उल-मसाजिद’ ही अवाढव्य मशीद बांधायला घेतली होती. १९०१ मध्ये त्यांचा इंतेकाल झाला तेव्हा ती अपुरीच होती. १९७१ मध्ये काम पुन्हा हाती घेतले गेले आणि १९८५ मध्ये ते पुरे झाले. घराजवळची मशीद ऐंशी वर्षांहून अधिक काळ अपुरी राहिली आणि सातासमुद्रापलीकडची, जी त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिली नाही, ती मात्र त्यांच्या हयातीत पूर्ण झाली.

मशिदीला लागून एक घर आहे, ‘सर सालार जंग मेमोरियल हाउस’. हैदराबादचे दिवाण सर सालार जंग १८८३ मध्ये वारले. त्यांच्या स्मरणार्थ हैदराबादच्या पैशातून ते बांधले गेले. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेडच्या वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की या छोट्या घराच्या विटांमागे त्यांच्याच राज्याचा खजिना आहे.

राणी व्हिक्टोरिया विंडसरला असली की तिच्या पदरचे हिंदी मुसलमान नोकर नमाजासाठी इथे येत. पण लिटनर १८९९ मध्ये वारले आणि सगळे थांबले. संस्था एका माणसाच्या जिवावर चालली होती. तो गेल्यावर ती बंद पडली, मशिदीला कुलूप लागले आणि मालमत्ता वारसांकडे गेली.

यानंतर एकाच आवारातल्या दोन वास्तूंचे नशीब वेगळे झाले.

इन्स्टिट्यूटची मोठी इमारत विकली गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात जिथे अरबी-संस्कृतचे धडे चालत तिथे मार्टिनसाइड कंपनीची लढाऊ विमाने तयार होऊ लागली. १९२० च्या दशकात जेम्स वॉकर कंपनी आली. यंत्रांच्या सांध्यांतून वाफ किंवा तेल गळू नये म्हणून लागणारे पॅकिंग ती बनवी. तिच्या कारखान्याला ‘लायन वर्क्स’ म्हणत. पुढे तोही गेला. आज तिथे ‘लायन रिटेल पार्क’ आहे. मोठमोठी दुकाने आणि त्यांच्यापुढे मोटारी लावायचे विस्तीर्ण पटांगण. नटांचा आश्रम, विद्यापीठ, विमानांचा कारखाना यांपैकी तिथे आता काहीच दिसत नाही. कारखान्याची खूण दुकानांच्या नावातल्या सिंहात उरली आहे आणि इन्स्टिट्यूटची खूण रस्त्याच्या नावात. मशिदीसमोरून जाणाऱ्या रस्त्याला आजही ‘ओरिएंटल रोड’ म्हणतात.

नमाजानंतर भेटलेल्या पाकिस्तानी वंशाच्या एका बुजुर्गांनी सांगितले की तरुणपणी ते त्याच कारखान्यात कामाला होते. जुम्म्याला जेवणाच्या सुट्टीत हातपाय धुऊन चालत मशिदीत येत. त्या आधी तिथे काय होते हे मात्र त्यांनाही फारसे माहीत नव्हते.

मशीद वाचली ती कशी? १९१२ मध्ये लाहोरचे वकील ख्वाजा कमालुद्दीन विलायतेत आले. त्यांनी मशीद पाहिली, तिची कहाणी समजून घेतली आणि कलकत्त्याचे माजी न्यायमूर्ती सय्यद अमीर अली यांच्यासारख्या वजनदार मंडळींना हाताशी धरले. इथे अल्लाहची इबादत झाली आहे, ही जागा खासगी मालमत्तेसारखी विकता येणार नाही, असा मुद्दा मांडला गेला. अखेर मशीद आणि शेजारचे घर विश्वस्तांच्या हाती आले आणि १९१३ मध्ये अजान पुन्हा सुरू झाली. ख्वाजासाहेब लाहोरी अहमदिया जमातीचे होते. त्या जमातीच्या श्रद्धेशी आपण सहमत नाही आणि पुढे १९६० च्या दशकात मशिदीची व्यवस्था सुन्नी जमातीकडे आली. पण त्या वेळी कुलूप उघडण्यासाठी कोण धावले, हे इतिहास सांगताना लपवून चालत नाही.

या ठिकाणी एक गंमत सांगतो. एच. जी. वेल्स हे इंग्रज लेखक काही काळ वोकिंगला राहत. १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ कादंबरीत मंगळावरचे प्राणी याच गावाजवळ उतरतात आणि त्यांच्या हल्ल्यात मशिदीचे टोक आणि ओरिएंटल कॉलेज, दोन्ही कोसळतात. प्रत्यक्षात कॉलेज संपले ते खरेदी-विक्रीत. मशिदीचे टोक अजून जागेवर आहे आणि २०१८ मध्ये तिला संरक्षित वास्तूंमधला सर्वोच्च दर्जा मिळाला आहे. नमाजी एवढे वाढले की जुन्या घुमटाखाली जागा पुरत नाही. आवारात वेगळी नमाजगृहे आहेत.

मशिदीपासून थोड्या अंतरावर, हॉर्सेल कॉमन नावाच्या रानात, आणखी एक बदललेली वास्तू आहे. पहिल्या महायुद्धात जखमी झालेले हिंदी सैनिक ब्रायटनच्या राजवाड्यात केलेल्या इस्पितळात ठेवले जात. हिंदू-शीख सैनिकांचे दहन ब्रायटनजवळच्या टेकड्यांवर होई. मुसलमान सैनिकांना दफनासाठी वोकिंगला आणत, कारण मशीद आणि इमाम इथे होते. त्यांच्यासाठी विटांच्या भिंती आणि वर घुमटीची कमान असलेले देखणे कब्रस्तान १९१७ मध्ये पुरे झाले. दुसऱ्या महायुद्धातलेही काही सैनिक इथे दफन झाले. एकूण कबरी २७. पुढे त्या आडबाजूच्या जागेची नासधूस होऊ लागली, म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस सर्व अवशेष ब्रुकवूडच्या लष्करी कब्रस्तानात हलवले गेले. भिंती उभ्या राहिल्या आणि आत झुडपे माजली. २०१५ मध्ये गावाने ती जागा दुरुस्त करून तिथे शांतिउद्यान केले. पाण्याचा एक लांब हौद, स्मृतिशिला आणि हिमालयातली भूर्जाची २७ झाडे, प्रत्येक सैनिकामागे एक. आम्ही गेलो तेव्हा तिथे कोणी नव्हते. आम्ही फातेहा पढलो. कबरी तिथे नाहीत हे माहीत होते, तरी पढलो.

शेवटी ब्रुकवूड. या कब्रस्तानात मुसलमानांसाठी वेगळा भाग आहे. कुरआनचे इंग्रजी भाषांतर म्हटले की जी दोन नावे आपल्या घरांत निघतात, ती दोन्ही माणसे इथे आहेत. मार्माड्यूक पिक्थॉल यांनी काही काळ वोकिंगला इमामत केली. नंतर ते मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते, पुढे हैदराबादला गेले. १९३६ मध्ये ते वारले. अब्दुल्लाह यूसुफ अली मुंबईत शिकलेले, आयसीएस झालेले. १९५३ च्या डिसेंबरात लंडनमध्ये ते अगदी एकाकी आणि हलाखीच्या अवस्थेत वारले. जगभरच्या घरांत त्यांचे भाषांतर कपाटात असताना त्यांच्या उशाशी आपले कोणी नव्हते. डॉ. लिटनरही याच कब्रस्तानात आहेत. अल्लाह आपल्या दोन्ही बुजुर्गांची मगफिरत करो.

हे सगळे पाहून आम्हाला जे वाटले ते साधे आहे. लिटनर यांची इमारत मोठी होती, मशीद लहान होती. इमारतीमागे एक माणूस होता. तो गेला आणि मालक बदलत गेले. मशिदीमागे आधी बेगमसाहिबांचे दान होते, पण केवळ दानाने ती वाचली नाही. तेरा-चौदा वर्षे ती कुलपात होतीच. ती वाचली तेव्हा कोणीतरी कागद शोधले, कायदा वाचला, विश्वस्त नेमले आणि मग रोज पाच वेळा तिचे दार उघडे ठेवले.

आपल्या गावांतही असे पुष्कळ आहे. बाजारपेठेतला मुसाफिरखाना, आता गोदाम झालेला. जुना मकतब, ज्याच्या जागी दुकाने आली. उर्दू शाळेची पहिली इमारत. वस्तीच्या मध्ये सापडलेले कब्रस्तान. त्यांची जमीन कोणी दिली, कोणत्या साली दिली, कागद कोणाच्या पेटीत आहे, विश्वस्तांपैकी आज कोण हयात आहे, हे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. विचारायला जावे ते वडीलधारेही एकेक करून निघून जात आहेत.

परतल्यावर आम्ही आठवीच्या मुलांना एक काम दिले. प्रत्येकाने आपल्या मोहल्ल्यातली एक जुनी वास्तू निवडायची, घरातल्या आणि शेजारच्या वयस्क माणसांकडून तिची माहिती लिहून घ्यायची, सनद किंवा सातबारा कोणाकडे आहे ते विचारायचे आणि एक फोटो लावायचा. उर्दूत लिहा किंवा मराठीत, चालेल. पहिल्याच आठवड्यात चार मुलांनी वह्या आणल्या. एका मुलीच्या आजोबांकडे मशिदीच्या जमिनीचे जुने बक्षीसपत्र निघाले. त्याची घडी उलगडताना कडा तुटत होत्या. आता त्याच्या प्रती काढून एक जमातीकडे आणि एक शाळेत ठेवली आहे. वाचकांनीही आपापल्या घरातल्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात.