नंबर लागला का?

गडचिरोलीच्या रस्त्यांवर पहाटे आधी पावलं ऐकू येतात, माणसं मागून दिसतात. पोलीस भरतीची पोरं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. ही घटका मला आवडते. धावणाऱ्याला तेवढा वेळ तरी कुणी काही विचारत नाही. विचारणा सुरू होते उजाडल्यावर, टपरीवर: ‘लागला का जी नंबर?’

त्यांतला एक पोरगा ओळखीचा. मैदान मारायचा, लेखीत राहायचा. वहीच्या शेवटच्या पानावर जिल्हावार कटऑफ उतरवलेले, हिरव्या शाईत. पावसाळ्यापासून तो धावत नाही. डोकं दुखतं म्हणतो, रात्रभर जागा असतो, ताटावरून अर्ध्यात उठतो. आई म्हणते, कुणी काही केलं असेल. बाप म्हणतो, आळस. नैराश्य हा शब्द त्या घरात कुणी उच्चारलेला नाही.

आई मे महिन्यात तेंदूपत्ता तोडते. ७० पानांचा एक पुडा. सकाळी जंगल, दुपारी अंगणात बांधणी. लहानपणी पानं मोजायला हाच बसायचा. आता बसत नाही. बीए झालेल्यानं पुडे बांधले तर गाव काय म्हणेल? जंगल हातचं सुटलं, कचेरी हाती आली नाही. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झालं, पदवी जवळ आली. नोकरी होती तिथंच राहिली. तिकडे चंद्रपूरला कोळसा निघतो, वीज होते, इकडे सुरजागडचं लोखंड ट्रकांतून जातं, आणि पोरगा टपरीवर बसून ट्रक मोजतो. जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासून आहे, पण असं रिकामं बसलेल्याला मोहाची बाटली शोधावी लागत नाही, तीच त्याला शोधत येते.

२०२२ पासून १४४१६ हा टेली-मानसचा, मनाच्या दुखण्यांसाठीचा नंबर आहे, फुकट आणि मराठीतही. चांगली सोय आहे, लावावा. (भामरागडकडे त्यासाठी आधी रेंज गाठावी लागते, ते वेगळं.) गोळ्यांनी, बोलण्यानं माणूस सावरतो, यात मला शंका नाही. पण या दुखण्याचं निम्मं मूळ भरतीच्या तारखांत आहे. वयाची अट खुल्या गटाला २८, मागासवर्गीयांना ३३. हे आकडे इथं शेंबड्या पोरालाही पाठ.

शेवटी मामानं त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, मग म्हणाले, तुला काही विचारायचंय?

‘जाहिरात कधी निघते जी?’