पीळ

वर्गात ‘कथासूत्र’ शिकवताना सूत म्हणजे काय, हे आम्ही कधी हाताने तपासले नव्हते. वैजापुरात एका धनगर आजींकडे दर रविवारी आम्ही चौघी लोकर कातायला बसू लागलो आणि पहिल्याच दिवशी उमगले की धागा टिकतो तो पिळामुळे. पीळ कमी पडला की तंतू सुटतात. जास्त झाला की सूत स्वतःभोवतीच गुरफटते.

दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिच्या सुताला चिंचोक्याची खळ देऊन खड्ड्याच्या मागावर घोंगडे विणतात. आम्ही मात्र हौसेने सुयांवर मफलर विणला. तो मानेला टोचू लागला. आजी हसल्या, “ही पांघरायची लोकर हाय बाई, गळ्यात घालायची न्हाई.”

आज या लोकरीतून पुष्कळदा कातरणीचा खर्चही निघत नाही. ती फेकून दिली जाते. आजींच्या सुनेने टकळी हाती धरलेली नाही. आमच्या ओबडधोबड सुताने ही उणीव भरून निघणार नाही, हे आम्ही जाणतो. पण उत्तरपत्रिकेत ‘परंपरेचा धागा’ हे शब्द भेटले की आता आमची लाल शाई क्षणभर थबकते. तो कोणी कातला, हे तिथे कोणीच लिहिलेले नसते.