नर्मदेपलीकडची पाती

आमच्या घराण्याची एक शाखा देवासला आहे. घराच्या वाटणीचे कागद पाहावेत म्हणून तेथील भाऊबंदांनी गेल्या वर्षी आम्हांस बोलावले. पेटीच्या तळाशी मोडी कागदांचा एक रुमाल निघाला. घरात तो कोणासही वाचता येईना. जुन्या दाव्यांच्या निमित्ताने आम्ही मोडी जुजबी शिकलो होतो. अक्षर लावता लावता एवढेच कळले, की मूळ पुरुष पवारांच्या फौजेबरोबर कारकून म्हणून नर्मदा उतरला आणि पुन्हा दक्षिणेत परतला नाही.

पवारांचे घराणे सुपे-मलठण परिसरातले. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांच्या फौजेने अमझेऱ्याला मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला, आणि माळव्याची वाट मोकळी झाली. त्या लढाईत उदाजी पवार होते. पुढे पेशव्यांशी त्यांचे बिनसले व धार त्यांचे बंधू आनंदराव यांच्याकडे गेली. देवास तुकोजी व जिवाजी या भावांनी वाटून घेतले. त्यातून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली. वाटणीचे दावे चालवण्यात आमचे आयुष्य गेले. परंतु एका गावाची अशी वाटणी आमच्याही पाहण्यात नाही.

या सरदारांमागून कारकून, भिक्षुक, वैद्य, शिलेदार गेले, आणि त्यांच्याबरोबर मराठी गेली. ती दरबारात, दफ्तरात बसली. मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की माळव्याच्या शेतकऱ्याची भाषा माळवीच होती. चौथाई देणाऱ्याला मराठी ही वसुलीची भाषा वाटली असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. सीमाभागात आम्ही ज्या जाचाविरुद्ध बोलतो, तो जाच आपल्या पूर्वजांच्या हातूनही घडला असू शकतो, हे विसरून चालणार नाही.

१९४८ साली संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत मध्य प्रदेशात मिळाला, आणि त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. एकाच तारखेने आमच्या घराण्याच्या दोन्ही पाती मराठी राज्याबाहेर राहिल्या. परंतु परिणाम निराळे झाले. देवासला मराठीमागे सिंहासन होते. ते गेले तशी भाषा दिवाणखान्यातून माजघरात व माजघरातून देवघरात सरकली. बेळगावात सिंहासन नव्हते. शेत, बाजार, तालीम आणि शाळा होती. म्हणून ती टिकून आहे. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्यास राज्यांना सांगतो. पण ती सोय मागणारा पालकच उरला नाही, तर अनुच्छेद कागदावरच राहतो.

देवासच्या टेकडीखाली उभे राहिलो तेव्हा कुमार गंधर्व आठवले. ते बेळगावजवळच्या सुळेभावीचे, कन्नड घरातले. आजारपणात १९४८ साली ते देवासला आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. त्यांनी माळवी लोकगीते शिकून घेतली आणि मराठीही तितक्याच आपलेपणाने गायली. कोणती भाषा कोणाची, हा वाद त्यांच्या गळ्यात शिरू शकला नाही. हक्कासाठी भांडताना एवढी उदारता आपल्यातही असावी.

निघताना चुलतभावाच्या नातवाने विचारले, “आजोबा, हम कहाँ के हैं, इथले की तिथले?” वाक्य अर्धे हिंदी, अर्धे मराठी. आम्ही म्हणालो, “बाळ, घर इथले, बोली तिथली. दोन्ही सांभाळ.” मग त्याला रुमालातले पहिले अक्षर दाखवले. ‘श्री’ त्याने ओळखला. पुढच्या ओळीवर तो अडखळला. तेवढ्यासाठी दिवाळीत पुन्हा येण्याचे आम्ही कबूल केले आहे.