आठवीनंतरचे ताट



दशलक्षण पर्वाच्या आठव्या दिवशी, म्हणजे उत्तम त्याग धर्माच्या दिवशी, मंदिरात चार दानांवर प्रवचन होते: आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. ते ऐकताना मला आमच्या गावातले जिल्हा परिषदेचे हायस्कूल आठवते. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावात यातली दोन दाने रोज एकाच छताखाली होतात.

शाळा पाचवी ते दहावीची. मुले बहुतेक शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची. दुपारी पोषण आहाराची खिचडी शिजते. सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने, असा सरकारी हिशेब आहे. पण योजना आठवीपर्यंतच. त्याच व्हरांड्यात नववी-दहावीची मुले डबा उघडतात. कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच शेतावर गेलेली असते, तेव्हा काहींकडे डबाच नसतो.

ही चौदा वर्षांची रेघ तशी आपल्या वर्ध्यालाही ओळखीची. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथेच शिक्षण परिषद भरली आणि सात वर्षांच्या मोफत, सक्तीच्या शिक्षणाचा ठराव झाला. पुढे झाकीर हुसेन समितीने ७ ते १४ वयाचा अभ्यासक्रम आखला. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही ६ ते १४ वर्षांसाठीच आहे. त्या काळी तेवढे मागणेही मोठे होते. पण भूक काही चौदाव्या वर्षी थांबत नाही. उलट मुलींच्या अंगाला लोह आणि प्रथिने याच वयात जास्त लागतात. एसटीचा मोफत पास मुलींना बारावीपर्यंत मिळतो, ताट मात्र आठवीला थांबते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले, न खाणाऱ्यांना केळे. तेव्हा आपल्या महिला मंडळात केवढी चर्चा झाली! जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा सरकारी निधी बंद झाला आणि चर्चाही थांबली. माझ्या घरात अंडे येत नाही, येणारही नाही. पण ताटात काय नको हे सांगणाऱ्यांनी ताटात काय हवे याचाही भार थोडा उचलावा, असे मला वाटते. उपाशी मुलीला भरल्या घरातून नुसता नियम सांगणे, ही काही अहिंसा नव्हे.

म्हणून गेल्या पर्वात सासूबाईंना विचारून प्रभावनेच्या लाडवांचा खर्च निम्मा केला. उरलेल्या पैशांत फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ घेऊन मुख्याध्यापकांकडे पोचवले. दोनच गोष्टी सांगितल्या: फोटो नको, आणि गरजू कोण हे विचारू नका. नववी-दहावीच्या सगळ्यांना वाटा, म्हणजे कुणाची मान खाली जाणार नाही. ते पंधरवडाभर पुरले.

पंधरवडा म्हणजे काही वर्ष नव्हे, हे मलाही कळते. पण दर महिन्याला दोन अष्टमी आणि दोन चतुर्दशी येतात. पोषण आहारात गावकऱ्यांनी आपल्या शुभदिवशी जेवण द्यावे, अशी तिथी भोजनाची सोयही आहे. चार घरांनी एकेक तिथी घेतली, तर महिन्यातले चार दिवस सुटतात. आमच्याकडे दोन घरे झाली आहेत. तुमच्या गावच्या शाळेत नववीची मुले दुपारी काय खातात, तेवढे एकदा जाऊन पाहा.