शंभरने सुरू होणारा पत्ता

बाबा गावी एकटेच असतात. म्हणून मे महिन्यात ओसरीवर आणि मागच्या दारी कॅमेरे बसवले, डीव्हीआर कपाटावर ठेवला. बाहेरून कॅमेरे दिसावेत म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, दोनदा तपासलं. पुण्याला येऊन बघतो तर पडदा काळाच.

बाबांना फोनवरून राउटरचं पान उघडायला लावलं. ‘वॅन आयपीसमोर काय लिहिलंय?’ चष्मा सापडेपर्यंत पाच मिनिटं गेली. ‘अरे, शंभर, टिंब, एकाहत्तर...’

पुढचं ऐकायची गरजच नव्हती. १००.६४ ते १००.१२७ ही पत्त्यांची रांग २०१२ साली इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या जाळ्यासाठी राखून ठेवली गेली. म्हणजे जगाला दिसणारा पत्ता एक आणि त्याच्याआड आमच्यासारखी कितीतरी घरं. आतून बाहेर जाता येतं. बाहेरून हाक आली तर ती कुणाच्या घरची, हे मधल्या यंत्राला कळत नाही. त्यात त्याच पत्त्यावरून दुसऱ्या कुणी उद्योग केले, तर ‘मी रोबो नाही’ म्हणत चित्रातले सिग्नल मोजायचे बाबांनी. करून गेला गाव आणि कांदळगावकराचं नाव!

केबलवाल्याला फोन लावला.

‘स्टॅटिक आयपी घ्या की सर, तुमच्या एकट्याचा पत्ता. महिन्याला दोनशे जास्त पडतील.’

‘आणि आयपीव्ही६?’ मी विचारलं. त्या नव्या पद्धतीत पत्त्यांची टंचाईच नाही.

‘ते नाही आपल्याकडं. कुणी मागतच नाही.’

गंमत अशी की, बाबांच्या स्वस्तातल्या मोबाईलला सिमवरून २४०९ने सुरू होणारा आयपीव्ही६ पत्ता कधीपासून मिळतोय. भिंतीतून आलेल्या फायबरलाच तो नाही. जुन्या आयपीव्ही४चे पत्ते सारे मिळून ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११मध्येच वाटून संपला. आयपीव्ही६चा पहिला मसुदा १९९५चा, आपल्या दूरसंचार विभागाचा आराखडा २०१०चा. केबलवाल्याची अडचण मला कळते. जुने मॉडेम बदला, पोरांना शिकवा, आणि एवढं करून गिऱ्हाइकाला फरक दिसणार नाही. पण टंचाईचेच दोनशे रुपये हातात पडत असतील, तर ती मिटवायची घाई कुणाला असणार?

मी ते दोनशे भरतो. बाबा ओसरीवर पेपर वाचताना दिसतात.

तुमच्याही राउटरवरचा आकडा एकदा बघा. या रांगेतला निघाला, तर केबलवाल्याकडे आयपीव्ही६ मागा. ‘कुणी मागतच नाही’ असं तरी त्याला म्हणता येऊ नये.